चवळी निम्मीच उगवते? बी डब्यात मेलं की वाफ्यात, ते आधी शोधा

दिवाळीनंतर भात काढून मोकळ्या झालेल्या खाचरात चवळी पेरायची, आठवड्याने बघायला जायचं आणि हातभर अंतरावर एखादंच रोप दिसायचं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ही तक्रार दरवर्षीची आहे, खाली गोव्यात आळसांदे लावणाऱ्यांचीही तीच. तिची उत्तरंही ठरलेली आहेत: ओल कमी पडली, बियाणं बोगस निघालं, मोरांनी खाल्लं. तिन्ही उत्तरं कधी ना कधी खरी असतात. पण ज्यांचं बी घरचं आहे त्यांच्याकडे बहुतेक वेळा ते पेरणीच्या दिवशीच मेलेलं किंवा मरणाला टेकलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंगेतून निघालं तेव्हा उत्तम होतं, नोव्हेंबरात मातीत गेलं तेव्हा उरलेलं नव्हतं. मधले आठ-नऊ महिने, त्यातही जून ते सप्टेंबर, ते कुठे आणि कसं पडून होतं यावर सगळं अवलंबून असतं.

तरीही अंदाजावर जाऊ नका. दुसऱ्यांदा पेरण्याआधी कारण डोळ्यांनी बघता येतं.

आधी ओळ उकरा

चवळीला बऱ्यापैकी उबदार, ओलसर जमीन मिळाली तर चार ते सहा दिवसांत ती वर येते. आठव्या दिवशी ज्या जागी रोप नाही तिथली माती बोटाने किंवा खुरप्याच्या टोकाने हळू बाजूला करा. पाच-सहा ठिकाणी केलंत की चित्र स्पष्ट होतं.

दाणा टणक, पेरला तसाच निघाला तर तो मेलेला नाही, त्याला पाणी मिळालेलं नाही. वरची माती सुकली, बी उथळ पडलं किंवा ढेकळांच्या पोकळीत अडकलं. भाताच्या चिखलणीने घट्ट झालेल्या खाचरात हे फार होतं, कारण ढेकळं फुटत नाहीत आणि दाण्याला माती चिकटून बसत नाही. क्वचित ओल चांगली असूनही दाणा फुगत नाही. उसळीच्या मुगात सापडतात तसे गणंग चवळीतही थोडे असतात. ते उशिरा उगवतील, पण पीक त्यांच्यासाठी थांबत नाही.

दाणा फुगून मऊ झालाय, दाबला की लगदा होतो, वास येतो, कधी बुरशीची जाळी दिसते: हे जुनं, दुबळं बी. सुरुवात पाणी शोषण्यापर्यंत झाली, पुढे रेटायला आत ताकद नव्हती आणि बुरशीने डाव साधला. चांगलं बीसुद्धा साचलेल्या पाण्यात असं कुजतं, म्हणून शेजारच्या उंच भागातली ओळही उकरून बघा. दोन्हीकडे लगदा सापडला तर दोष बियाण्याचा.

मोड आलाय, पण मान (मुळाच्या वरचा कोवळा दांडा) वाकडी होऊन मातीखालीच अडकली किंवा तुटली. चवळी आपल्या दोन्ही डाळिंब्या, म्हणजे दाण्याची दोन दळं, मान वाकवून जमिनीबाहेर काढते. तूर आणि हरभरा त्या मातीतच ठेवतात. म्हणून वरचा कडक पापुद्रा हरभऱ्याला जेवढा नडतो त्याहून चवळीला कितीतरी जास्त नडतो. पेरल्यावर लगेच मोकळं पाणी सोडलं, ते सुकलं, पापुद्रा धरला, की बी पहिल्या प्रतीचं असूनही निम्मं आतच राहतं.

रोप वर आलंय, पण बोडकं आहे. दोन डाळिंब्या आहेत, मधला शेंडाच नाही, किंवा एक डाळिंबी गळून पडलेली. हे काठीने बडवून काढलेल्या बियाण्याचं लक्षण. चवळीचं टरफल पातळ असतं. शेंगा फार कडकडीत वाळल्यावर जोरात झोडपल्या की वरून दाणा साबूत दिसतो, आत मोडाचा कोंब तुटलेला असतो. अशी रोपं शेत हिरवं दाखवतात, शेंग देत नाहीत.

जागाच रिकामी असेल तर पाखरं, मोर, उंदीर किंवा मुंग्या. माती उकरलेली दिसते, टरफलं पडलेली असतात. यात बियाण्याची चूक नाही. आणि रोप चांगलं उगवून दोन पानांवर आल्यावर कोमेजलं, खोड चिरल्यावर आत पोखरलेलं निघालं तर ती खोडमाशी. तोही उगवणीचा प्रश्न नाही, पण लोक दोन्ही एकाच खात्यात टाकतात.

उकरल्यावर लगदा सापडला असेल तर पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

पावसाळ्यातल्या डब्यात काय होतं

दोन गोष्टी होतात आणि त्या एकमेकींना हात देतात: ओल आणि भुंगेरा.

दाणा हवेतली दमट वाफ ओढतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास असेल तर उघड्या पोत्यातली चवळी साधारण १४ टक्के ओलाव्यावर जाऊन थांबते, आणि कोकणातल्या जुलैची हवा त्याहून बरीच दमट असते. प्रमाणित बियाण्याच्या निकषात चवळीचा ओलावा साध्या पिशवीत जास्तीत जास्त ९ टक्के आणि हवाबंद पॅकिंगमध्ये ८ टक्के धरलेला आहे. म्हणजे मार्चमध्ये कितीही मन लावून वाळवलं तरी गोणीत ठेवलेलं बी श्रावणापर्यंत पुन्हा ओलं होतंच. हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकी बीजशास्त्रज्ञाने एक ढोबळ नियम दिला होता, तो अजून वापरात आहे: दाण्यातला ओलावा १ टक्क्याने उतरला की बियाण्याचं आयुष्य दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. हा हिशेब उलटाही चालतो. ९ वरून १३ वर गेलेल्या बियाण्याचं आयुष्य सोळाव्या हिश्शावर येतं.

मग आजीच्या काळात बी कसं टिकायचं? चुलीवर टांगलेल्या शिंक्यात ते पावसाळाभर धुरात आणि उबेत असायचं, त्यामुळे ओल धरायचंच नाही. धुराने कीडही लांब राहायची. गॅस आला, चूल गेली, बी मात्र त्याच सवयीने फडक्यात बांधून फळीवर ठेवलं जातं. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवणाऱ्यांचं आणखी वाईट, कारण एप्रिल-मेची धग आणि जुलैची ओल दोन्ही तिथे मिळतात.

आता भुंगेरा. तो घरात बाहेरून उडत येतो अशी समजूत आहे, आणि थोडे येतातही. पण मुख्य वाट शेतातून आहे. शेंगा पिवळ्या पडू लागल्या की मादी शेंगेवरच अंडी घालते. अळी आत शिरून दाणा गाठते आणि आपण तो दाणा स्वच्छ समजून डब्यात भरतो. डब्यात पिढी सुरू झाली की मादी थेट दाण्यावर अंडी चिकटवते. दाण्यावर खसखशीहून बारीक पांढरा ठिपका दिसला, तो नखाने सहज निघाला नाही, तर ते अंडं. ३० अंशांच्या आसपासच्या उष्णतेत अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत साधारण महिना पुरतो, आणि एक मादी शंभराच्या घरात अंडी घालू शकते. मार्चमध्ये डब्यात गेलेले चार-दोन किडके दाणे जुलैपर्यंत काय करतात ते यावरून समजेल. शिवाय किडे श्वास घेतात, त्यातून उष्णता आणि पाणी बाहेर पडतं, त्यामुळे डब्यातल्या बियाण्याचा ओलावा आतूनच वाढतो. हात घातल्यावर डबा कोमट लागतो तो यामुळे.

एक भोक असलेला दाणा कधी कधी उगवतो, कारण कोंब शाबूत राहिलेला असतो. पण डाळिंबीतला साठा अळीने खाल्लेला असल्याने रोप रोगट निघतं. दोन-तीन भोकांच्या दाण्याकडून काही अपेक्षा ठेवू नये.

बी ठेवायचं ते कुठल्या शेंगांचं

पावसाळी चवळीचं बी ठेवू नका. शेंगा पिकताना पाऊस लागला की दाणा शेंगेतच फुगतो-सुकतो, बुरशीचे डाग धरतो, आणि उगवणशक्ती तोडणीआधीच उतरते. खरिपाची चवळी भाजीला न्या, दाणा खा. बी भातानंतरच्या पिकाचंच.

त्यातही पहिल्या दोन तोड्यांच्या शेंगा बियाण्याला राखा. घरोघरी याच्या उलट होतं: पहिल्या चांगल्या शेंगा बाजारात जातात आणि शेवटी वेलावर राहिलेल्या, वाळून काळवंडलेल्या शेंगांचं बी होतं. उशिराच्या शेंगांवर भुंगेऱ्याची अंडी जास्त असतात, कारण तोवर शेतात त्याची संख्या वाढलेली असते. शेंग वाळल्या गवताच्या रंगाची झाली, हलवल्यावर दाणा वाजू लागला की तोडा. वेलावर आणखी पंधरा दिवस वाळू देण्यात फायदा काही नाही.

पानांवर हिरव्या-पिवळ्या नक्षीचा मोझॅक दिसलेल्या झाडाचं बी घेऊ नये. चवळीचे काही विषाणू बियाण्यातून पुढच्या पिढीत जातात आणि त्यावर कुठलीही बीजप्रक्रिया चालत नाही. फुलोऱ्याआधीच अशी झाडं उपटा आणि निरोगी झाडांना सुतळी बांधून खूण करा. चवळी बहुतांशी स्वपरागीत असल्याने ‘कोकण सदाबहार’सारख्या सरळ वाणाचं घरचं बी काही वर्षं बिनधास्त वापरता येतं. भेसळ होते ती बहुधा खळ्यात आणि डब्यात.

मळणी हाताने सोलून, किंवा शेंगा गोणपाटात भरून हलक्या हाताने. घरच्या पाच-दहा किलो बियाण्याला याहून वेगळं काही लागत नाही.

वाळवण: इथेच घाई होते

कोकणात फेब्रुवारीतले कोरडे दिवस बियाण्यासाठी सोन्यासारखे. एप्रिलमध्ये ऊन कडक असलं तरी समुद्राकडचं वारं दमट असतं. सकाळी दव उडाल्यावर पातळ पसरायचं, दुपार कलायच्या आत गोळा करायचं. संध्याकाळपर्यंत ठेवलं तर दिवसभर गेलेली ओल दाणा पुन्हा ओढायला लागतो. तापलेल्या काँक्रीटवर, पत्र्यावर किंवा काळ्या प्लॅस्टिकवर ओलसर बी थेट टाकू नका. गोणपाट किंवा सुती चादर घाला. आणि बी गरम असताना डब्यात भरू नका, सावलीत थंड होऊ द्या.

वाळलं की नाही हे दाताखाली कळतं: दाणा कट्कन तुटायला हवा, दात रुतता कामा नये. आणखी एक सोपी परीक्षा मिठाची. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडं कोरडं मीठ आणि मूठभर चवळी घालून हलवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, बी अजून ओलंच आहे. मीठ चिकटलं नाही म्हणून मात्र काम झालं असं समजू नका. १४ टक्केही बियाण्याला घातकच. किनारपट्टीवर निव्वळ उन्हाने ९ टक्के गाठणं कठीण जातं. म्हणून डब्यात तळाशी कापडी पुरचुंडीत सिलिका जेल ठेवावं. ते न मिळालं तर तांदूळ खरपूस भाजून, बंद भांड्यात निववून, पुरचुंडीत बांधून ठेवा. तेही ओल ओढून घेतात.

साठवण: हवा कोंडा, पण कोरडं झाल्यावरच

चवळीच्या साठवणीवर सगळ्यांत जास्त डोकं पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत चाललं, कारण नायजेरिया, नायजर, कॅमेरून भागात हे रोजचं अन्न आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये काम सुरू केलं, त्यातून तीन थरांची पिशवी आली: आत जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या आणि बाहेर विणलेलं पोतं. कीटकनाशक काहीच नाही. तोंड घट्ट पिळून बांधलं की आतले किडेच आतला प्राणवायू संपवतात. तो कमी झाला की अळ्या खाणं थांबवतात, आणि भुंगेऱ्याच्या अळीला पाणी मिळतं ते अन्न पचवूनच, त्यामुळे त्या शेवटी सुकून मरतात.

आपल्याला हे तत्त्व घरातही वापरता येतं. झाकण घट्ट बसणाऱ्या शीतपेयाच्या बाटल्या पूर्ण कोरड्या करून, हलवून हलवून गळ्यापर्यंत भरा. अर्धी भरलेली बाटली निरुपयोगी, कारण आत महिनाभर पुरेल एवढी हवा राहते. जास्त बी असेल तर रबरी वॉशरचा पिंप किंवा कॅन. एक मोठा डबा ठेवण्यापेक्षा लहान बाटल्या बऱ्या, कारण एक उघडली तरी बाकीच्या बंद राहतात. सगळ्यांत थंड खोलीत, जमिनीपासून थोडं वर ठेवा.

मात्र १४-१५ टक्के ओलाव्याचं बी असं कोंडलं तर ते उघड्यावर मेलं असतं त्याहून लवकर मरतं. आंबूस वास येतो, दाणा तपकिरी पडतो. हवाबंद डब्याबद्दल ‘आम्ही करून पाहिलं, नाही जमलं’ म्हणणाऱ्यांचं बी बहुधा इथेच गेलेलं असतं.

राखेचं जुनं तंत्र खरं आहे, पण चिमूटभर राखेने काही होत नाही. मापाने चार भाग चवळीला निदान तीन भाग चाळलेली, थंड, कोरडी राख लागते, म्हणजे दाण्यांमधली सगळी पोकळी भरते आणि भुंगेऱ्याला हलता येत नाही. वर दोन बोटं राखेचा थर, आणि भांडं झाकलेलं, कारण राखही पावसाळ्यात ओल धरते. किलोला ५ मिली शेंगदाणा किंवा एरंडेल तेल चोळलं तर अंडी गुदमरतात. डाळीला तेल लावतो तसंच, फक्त प्रत्येक दाण्याला लागलं पाहिजे. कडुनिंबाच्या पाल्यावर माझा फारसा भरवसा नाही. अर्धवट सुकलेला पाला उलट ओलच आत नेतो. डांबराच्या गोळ्या धान्यात कशालाही नकोत. आणि अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी राहत्या घरात कधीही नाही: तिच्यातून निघणाऱ्या वायूने माणसं मेलेली आहेत, ती वापरायची प्रशिक्षित माणसाने आणि वस्तीपासून दूर.

किलो-दोन किलो बी असणाऱ्यांना, गच्चीवर वेल लावणाऱ्या मुंबई-पुणेकरांनाही, सोपा उपाय म्हणजे डीप फ्रीझर. चांगलं वाळलेलं बी हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांना आठवडाभर ठेवा, अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर थंड दाण्यांवर दव धरेल.

दर महिन्याला डबा उघडून ऊन दाखवायची सवय एप्रिल-मेपर्यंत ठीक. मृग लागला की हात लावू नका. पावसाळ्यात उघडीप बघून दोन तास ऊन दाखवलं म्हणजे बी दमट हवेतच पसरलं.

दसऱ्याला चाचणी

पेरणी नोव्हेंबरात असेल तर चाचणी दसऱ्याच्या सुमारास करा, म्हणजे दुसरं बी शोधायला वेळ उरतो. निवड न करता, वरून-खालून मिसळून १०० दाणे घ्या. चांगले वेचून चाचणी केलीत तर निकालही वेचलेलाच येईल. ओल्या करून निथळलेल्या वर्तमानपत्राच्या थरांत किंवा गोणपाटात दहा-दहाच्या ओळी मांडा, गुंडाळी करा, उभी ठेवा, ओल टिकवा पण पाणी ठिबकू देऊ नका. पाचव्या दिवशी मोजा, आठव्या दिवशी पुन्हा मोजा.

नुसता मोड आला म्हणजे उगवला असं धरू नका. पांढरं सरळ मूळ, मान आणि मधला शेंडा, तिन्ही असलेलं रोपच मोजायचं. प्रमाणित बियाण्याची किमान मर्यादा ७५ टक्के आहे. दुसरा आकडाही बघा: पाचव्या दिवशी ३५ आणि आठव्या दिवशी ७० असं झालं, तर बी जिवंत आहे पण दमलेलं आहे, वाफ्यात ७० येणार नाहीत. आणखी एक खूण, दाणे भिजवल्यावर दोन-तीन तासांत पाणी गढूळ-पिवळं झालं तर आतलं द्रव्य झिरपतंय, म्हणजे बी म्हातारं झालंय.

६० ते ७५ च्या मध्ये निकाल आला तर बी वाढवून भागतं. नेहमीच्या बियाण्याला ७५ ने गुणा आणि आलेल्या टक्क्यांनी भागा: एकरी ८ किलो लागत असेल आणि उगवण ६० टक्के असेल तर १० किलो. ६० च्या खाली गेलं तर त्याची उसळ करा, अर्थात त्याला औषध चोळलेलं नसेल तरच.

विकतच्या पिशवीवरचं लेबल वाचा. प्रमाणित बियाण्याला निळं, सत्यप्रतला (प्रमाणीकरण न झालेलं, उत्पादकाच्या स्वतःच्या हमीवर विकलेलं बी) हिरवं. चाचणीची तारीख बघा. प्रमाणित बियाण्याची पहिली मुदत त्या तारखेपासून ९ महिने असते. लेबल, पिशवी, पावती आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपा. उगवण फसली तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीचा पंचनामा मागता येतो, पण तो शेत मोडायच्या आत. किराणा दुकानातली चवळी पेरणारेही आहेत. ती कधीची, कुठल्या वाणाची, कशी साठवलेली याचा पत्ता नसतो. निदान चाचणी तरी करा.

पेरताना

बी रात्रभर पाण्यात बुडवून पेरायची पद्धत मला पटत नाही. फार कोरडा दाणा एकदम पाण्यात पडला की इतक्या वेगाने पाणी ओढतो की आतल्या पेशी फाटतात; पातळ टरफलाच्या पांढऱ्या चवळीत हे जास्त. जुन्या बियाण्याला तर तो शेवटचा धक्का. भिजवायचंच तर चार-पाच तास ओल्या फडक्यात बांधून ठेवा, पाणी सावकाश जाईल. जमिनीत ओल नसेल तर तेही नको.

पाणी पेरणीआधी द्या, वाफसा आल्यावर (माती ओलसर पण चिकटत नाही अशी झाल्यावर) ३ ते ४ सेंटिमीटर खोल पेरा, आणि रोपं वर येईपर्यंत मोकळं पाणी सोडू नका. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) किलोला ५ ग्रॅम चोळा, त्यानंतर रायझोबियम (मुळांवर गाठी धरून नत्र देणारे जिवाणू), आणि सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. रासायनिक बुरशीनाशक लावायचं असेल तर ते सर्वांत आधी, आणि मग ट्रायकोडर्मा वगळा. मेलेल्या बियाण्यावर यातलं काहीही चालत नाही.

यंदाची पेरणी फसलेलीच असेल तर नांग्या, म्हणजे ओळीतल्या रिकाम्या जागा, आठ-दहा दिवसांच्या आत भरा, तेही चाचणीत पास झालेल्या बियाण्याने. त्यानंतर भरलेली रोपं आधीच्यांच्या सावलीत राहतात आणि त्यांच्या शेंगा उशिरा, भुंगेऱ्याच्या तावडीत पिकतात. अर्ध्याहून जास्त ओळी रिकाम्या असतील आणि जमिनीत अजून ओल असेल, तर नांग्या भरत बसण्यापेक्षा तेवढा तुकडा मोडून नव्याने पेरणं परवडतं. आणि त्या तुकड्यातलं बी पुढच्या वर्षासाठी धरू नका.